नहरावरचा लाल मुरूम

मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळ

सायकलच्या चाकाले लाल मुरूम लागला होता, तेवढंच झालं. आमच्या वावरात न् पांदणीच्या गाडीवाटेत सारी काळी माती. लाल मुरूम फक्त नहरावरच्या रस्त्यावर. काल नहराले पाणी सुटलं, तो ओला होऊन चिकटला. मले पुसायचं कसं सुचलं नाही?

कापूस वेचणाऱ्या सासूबाईंचा डबा मी रोज पांदणीनं नेते. येतानी मात्र नहरावरून येते, लांबून. तिथं गाडी नाही, माणूस नाही. खाली पैनगंगेपर्यंत सपाट चिबड जमीन, पाण्यात बगळे उभे. चाकाखाली मुरूम करकर वाजते न् तेवढा वेळ मी कोणाचीच कोणी नसते.

आज यायनं, माह्या मालकानं, चाक पाहिलं. मले वाटलं, आता चिडतील. तर म्हणाले, "पांदण इतकी खराब झाली काय, का नहरावरून यावं लागते? काहून नाही सांगतलं? उद्यापासून डबा मीच नेतो गाडीवर. तू घरी आराम कर."

सासूबाई म्हणाल्या, "पोरगी सोसते, पण बोलत नाही."

काय बोलू? मले तोच रस्ता पाहिजे म्हणून? कायले पाहिजे म्हटलं, तर काय सांगू? मी डबा घासायले घेतला.

मग यायनं स्वतः बादलीभर पाण्यानं चाकं धुतली. लाल मुरूम सारा गेला. सायकल अंगणातच उभी आहे, चकचकीत. तिले कुलूपही नाही. निघायले कारण तेवढं नाही.