बिनकोपऱ्याचं घर

मुक्काम वाळूत,
दोह्यापासून गाडीने दीड तास दक्षिणेला,
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप केरबामामांच्या पायांवर पोपटचं डोकं, आणि ते डोकं अजून ठिकाणावर आहे एवढं पटवण्यासाठीच हे पत्र.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा थंडीत उसळतो, त्यांना पहाटे चुलीपाशी बसू देऊ नका. मी इकडे ठणठणीत आहे, वजन दोन किलो वाढलं आहे (उंटिणीच्या दुधाने, दुसऱ्या कशाने नाही). पण खरी गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तुमची लेक जूनपासून माझा फोन उचलत नाही. सोनमला घेऊन आपल्या घरातून निघाली, तुमच्या घरी येऊन बसली, आणि पोरीकडून निरोप पाठवला की पालात राहणाऱ्या माणसाशी मला बोलायचं नाही. अठरा वर्षांच्या संसारात विठा माझ्यावर पुष्कळदा रुसली, पण पाच महिने कधी नाही. तुम्ही फोन उलटा कानाला लावता आणि पलीकडून काही येत नाही म्हणून ठेवून देता, तेव्हा म्हटलं सगळं कागदावर लिहावं. पत्र घेऊन येणारा सुदाम ड्रायव्हर हाच या भानगडीचं मूळ आहे. त्याला चहा द्या, पण बिस्किट देऊ नका.

मामा, हे पाल नाही. याला युर्ट म्हणतात. आमचे मालक अबू राशिद यांचा इथे वाळूत कॅम्प आहे. हिवाळ्यात शहरातली माणसं एसीची घरं सोडून इथे शेकोटीपाशी बसायला येतात आणि त्याचे पैसे देतात. मालक एकदा ससाणे बघायला किर्गिझस्तानात गेले, तिथे एका युर्टात चार दिवस राहिले, आणि आपल्याकडचा माणूस बाजारात कढई आवडली म्हणून घेऊन येतो तसं ते अख्खं घर कंटेनरमध्ये घालून घेऊन आले. पाहुण्यांनी आत डोकावून पाहिलं, टीव्ही कुठे ठेवायचा ते कळेना, आणि ते आपल्या नेहमीच्या तंबूत परत गेले. मग मालक मला म्हणाले, तू सुतार आहेस, तूच याच्यात राहा आणि याला सांभाळ. झालं त्याला वर्ष.

ते उभं करायला तिकडून एक बाई आली होती, रुकैया नावाची. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, आणि बरोबर ना हातोडा ना पटाशी. मी माझी टेप पुढे केली तर ती हसली आणि दोन्ही हात पसरून मापं घ्यायला लागली. मामा, तुमच्या हाताखाली सात वर्षं रंधा मारला, पण असलं काम मी पाहिलं नव्हतं. भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी, कातड्याच्या वादीने गाठी मारून जोडलेली. ओढली की भिंत, दाबली की मोळी. वर एक गोल चाक. आता चाकातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं? तुम्ही गाडीच्या चाकाला आरे आतून बसवता, इथे चौसष्ट काठ्या बाहेरून येऊन चाकाच्या भोकांत शिरतात आणि चारी बाजूंनी रेटून त्याला अधांतरी धरतात. खाली खांब नाही! मी खांब शोधत दोन फेऱ्या मारल्या. अख्ख्या घरात एक खिळा नाही. वरून आपल्या बुरणुसासारखी पण चौपट जाड लोकर गुंडाळली की खलास, घर तयार. पाच तास लागले. तिची पाठ वळल्यावर मी गुपचूप टेप लावली, तर गोलाईत एका बोटाचाही फरक नाही. मी तिला हात जोडले. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या कारागिराला मी मनापासून हात जोडलेले नाहीत, हे तुम्ही जाणताच.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजलं. तिने दार दक्षिणेला ठेवलं. तुम्ही मला पहिल्या दिवशी शिकवलंत की उपाशी राहा, पण दक्षिणेला चौकट बसवू नकोस. मी नको नको म्हणत हात हलवले. ती वाऱ्याकडे बोट दाखवत राहिली आणि मी यमाकडे. तिला यम कळेना म्हणून मी मिशीला पीळ देऊन, डोक्यावर रेड्याची शिंगं करून दाखवली, तेव्हा मला भूक लागली असं समजून तिने सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे माझ्या हातावर ठेवले. जाताना तिने चाकातून लोंबणारा एक दोर दाखवला आणि खुणेने सांगितलं, वादळ आलं की याला लटक. मला वाटलं थट्टा करते. पुढे आठ महिने मी त्यावर बनियन वाळत घातले.

ती विमानात बसली आणि मी दार फिरवायला घेतलं. पाटलाच्या बंगल्यातला जिना वास्तूत बसेना तेव्हा तुम्ही तो दोनदा पाडलात, महिना गेला, पाटलाचं आणि तुमचं बोलणं बंद झालं. इथे मी कॅम्पवरची अकरा माणसं गोळा केली, नेपाळी आचारी धरून. सगळ्यांनी आत उभं राहून जाळी धरली, यल्ला, म्हणजे चला, म्हणून घर उचललं आणि फिरवून दार उत्तरेला केलं. चहा उकळायच्या आत वास्तुदोष संपला. त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली. एवढं शहाणं घर तुम्ही पाहायला हवं होतं.

उत्तरेला कुबेर असतो हे खरंच आहे, पण इथे शमालसुद्धा तिकडूनच येतो. शमाल म्हणजे जूनमधला वारा. तो आपल्या वावटळीसारखा येऊन जात नाही, पाहुणा म्हणून येतो आणि आठवडा राहतो. कॅम्प तेव्हा बंद असतो, सगळे दोह्याकडे गेलेले, मी एकटा. दुपारी भाकरी थापत होतो. वाऱ्याने दार ढकललं, आत शिरला, आणि त्याला बाहेर जायला वाट मिळेना. घर पुरीसारखं टम्म फुगलं, खालच्या कडा जमीन सोडायला लागल्या, पिठाचा डबा माझ्या आधी हवेत गेला. तेव्हा मला त्या बाईची खूण आठवली. बनियन फेकले आणि दोराला लटकलो. मामा, तीन तास! दोनदा माझे पाय जमिनीवरून सुटले. मी खंडोबाचा धावा केला, तुमचं नाव घेतलं, शेवटी रुकैयाचंही घेतलं. एका बाजूची लोकर उडून अर्धा मैल गेली. पण जाळीची एक पट्टी तुटली नाही की वरचं चाक तसूभर हललं नाही.

वारा थोडा उतरला तेव्हा पाण्याचा टँकर घेऊन सुदाम आला. त्याला काय दिसलं ते मी नाकारत नाही. अर्धं उघडं घर, वाळूत पालथी भांडी, आणि मध्ये लुंगी लावलेला, तोंडाला पीठ फासलेला मी, दोर सोडायला अजून तयार नसलेला. आपल्या माणसाने आधी पाणी दिलं असतं. त्याने आधी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, पोपटराव पाल ठोकून राहतात, प्रार्थना करा. सायंकाळपर्यंत तो तुमच्या लेकीने पाहिला. केरबा सुताराची मुलगी पालात दिली, असं नळावर कोणीतरी म्हणालं म्हणे. तिला किती लागलं असेल ते मला कळतं. दुसऱ्या दिवशी मी तुमची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि सुदाम आणि इथेच नोकरीला असलेल्या त्याच्या भावांना कामाला लावून दार परत दक्षिणेला केलं. तेव्हापासून वारा मागच्या मागे निघून जातो.

आता इतकं झाल्यावरही मी इथे का राहतो, असं तुम्ही विचाराल. गैरसोयी आहेत. कोपरा नाही. माणसाला किती कोपरे लागतात ते गोल घरात आल्यावर कळतं. काठी कोपऱ्यात, केरसुणी कोपऱ्यात, चप्पल कोपऱ्यात, रागावलेला माणूस कोपऱ्यात. देवाला ईशान्य कोपरा हवा, तो मी उन्हावरून अंदाजाने ठरवला आहे. लोखंडी कपाट भिंतीला टेकत नाही, मागे जी फट राहते तिथे मांजरीने चार पिल्लं घातली. ऑगस्टात हवा इतकी दमट की लोकरीला ओल्या मेंढीचा वास सुटतो, आणि एसी लावायचा तर जाळी कापावी लागेल. ती मी कापू दिली नाही. तेव्हा एसी दारातच बसवला आहे आणि मी त्याच्याखालून रांगत आत-बाहेर करतो. शिवाय एक उंटीण रोज दुपारी अंग खाजवायला माझं घर वापरते, तेव्हा ताटातली आमटी हलते.

पण मामा, याच्याआधी दहा वर्षं मी बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत होतो, एका खोलीत आठ जण, वरखाली पलंग. माझी जागा म्हणजे साडेसहा फूट फळी आणि एक पडदा. माणसं चांगली होती, पण सोनम फोनवर रडली तर मला संडासात जाऊन बोलावं लागायचं. इथे पहिल्या दिवशी मी आत आलो आणि आतून कडी लावली. काही कारण नव्हतं, चोर नाही, शेजारी नाही. कडी काढली, पुन्हा लावली. माझ्या स्वतःच्या दाराची कडी. पहाटे वरच्या चाकातून उजेडाचा गोळा पडतो आणि दिवसभर भिंतीवरून फिरतो, त्यावरून मी वेळ सांगतो. लोकरीच्या आत उन्हाळ्यातसुद्धा सकाळी दहापर्यंत बरं वाटतं, आणि हिवाळ्यात तर झोप अशी लागते की आपल्या ओसरीवर लागावी. असं घर मला कोणी बांधून दिलं नसतं, आणि मला बांधताही आलं नसतं. मी त्याला रोज हात लावून बघतो.

मामींना नमस्कार. तांबडी व्याली असली तर कळवा.

आपला जावई,
पोपट

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. अबू राशिद म्हणाले आहेत, जानेवारीत बायको आणि मुलीला महिनाभर बोलाव, कागदपत्रं मी बघतो. विठा माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. एवढं तिला समजवा.

आणखी एक : तिला वाचून दाखवताना ऑगस्टचा भाग, उंटीण आणि एसी गाळा. वादळ गाळलं तरी चालेल.

शेवटचं : विठा, थांब. हे मोठ्याने वाचू नकोस. मामांना सांग पत्र संपलं. त्यांना टेपवरच्या इंचाखेरीज काही वाचता येत नाही, आणि तू चौथीत असल्यापासून घरातलं प्रत्येक पत्र तूच वाचतेस, हे ठाऊक असूनच मी त्यांच्या नावाने लिहिलं. तेव्हा ऑगस्टही तुला कळला, उंटीणही कळली. आता खरं सांगतो. इथे येऊन अकरा वर्षं झाली, तुला दाखवावं असं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून कुठे राहता, कसं राहता असं तू विचारायचीस तेव्हा मी विषय बदलायचो. आता आहे. तू येऊन बघ, आणि मग पालच आहे म्हणालीस तर मी दुसऱ्या दिवशी सोडतो, शपथेवर. मी रोज संध्याकाळी सहाला फोन लावतो. पाच महिने लावतोच आहे. उद्या उचल.