हिरव्या बुरशीची वाटणी

मी, सिंधूबाई बबनराव ओव्हाळ, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार मांडवगण फराटा, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलसाहेबांनी सांगितलं. कोणी धाकदपटशा केलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचा आहे.

१. उसाचा तुकडा आणि राहतं घर मुलगा नवनाथ व सून गौतमी या दोघांच्या नावे, समाईक. नवनाथ रांजणगावला कंपनीत जातो, रान गौतमी बघते, म्हणून तिचं नाव मुद्दाम घातलं आहे. नवनाथने तोंड वाकडं करू नये.

२. पितळेची भांडी नणंद साखरबाई यांना. बाई फार कामसू. एकदा पाहुण्या म्हणून आल्या आणि माझ्या बुरशीच्या बाटल्या नासक्या भाताच्या समजून साबणाने लख्ख घासून पालथ्या घातल्या. मी का रुसले ते त्यांना आजतागायत कळलेलं नाही. भांडी न्यावीत, बाटल्यांना हात लावू नये.

३. आता खरी इस्टेट. उसाची मुळं खाणारी हुमणी अळी आमच्या रानात शिरली त्या वर्षी ऊस नुसता ओढला तरी मुळांशिवाय हातात यायचा. जहाल औषधं ओतली. गांडुळं मेली, हुमणी होती तशीच. मग कृषी विद्यापीठाच्या शिबिरात ललिता मॅडमनी ही बुरशी दाखवली. शेणखतातून मुळाशी टाकली की ती अळीच्या अंगावर रुजते, अळी कडक होऊन हिरवी पडते. पहिली हिरवी अळी उकरली तेव्हा मी ओरडत बांधावरून पळत आले. आमचे मालक म्हणाले, "आगं, सोनं गावलं का काय?" गावलंच होतं. ते आता नाहीत, तरी दर वर्षी पहिली हिरवी अळी मला त्यांनाच दाखवावीशी वाटते.

तांदूळ अर्धवट शिजवून सलाईनच्या बाटल्यांत भरायचा, कुकरात वाफवायचा, गार झाला की जुन्या बाटलीतली चिमूटभर बुरशी त्यात टाकायची. ती चिमूट चुकली की वंश बुडाला. म्हणून मोठा कुकर, बाटल्या आणि आतली जिवंत बुरशी एकट्या गौतमीला. त्या कुकरात कोणी मटण शिजवू नये.

४. बांधापलीकडचे मारुतराव शेलार. यांचं-आमचं बांधावरून जुनं वाकडं. उभ्या जन्मात त्यांनी आमच्या घरी चहा घेतला नाही. विचारलं की म्हणणार, "आत्ताच झाला." एकदा त्यांच्या बायकोने, मुक्ताबाईंनी, गुपचूप माझ्याकडून बुरशी नेली. मारुतरावांनी ती बुरशीनाशकाच्याच टाकीत कालवली. म्हणे, दोन्ही एकदम दिली की डबल पावर! बुरशी जागीच मेली आणि हे गावच्या सोसायटीत सांगत सुटले, "सिंधूबाईचा माल बोगस हाय." ते मला अजून झोंबतं.

तरीही लिहिते. हुमणीच्या अळीचे पुढे भुंगे होतात आणि भुंगे बांध मानत नाहीत. वळीव पडला की त्यांच्या रानातले भुंगे आमच्या रानात अंडी घालतात. त्यांचं रान तसंच राहिलं तर माझ्यामागे गौतमीचा ऊस वाचायचा नाही. म्हणून दर वर्षी पहिल्या बाटल्या मारुतरावांना द्याव्यात, फुकट, आणि कशात कालवायच्या नाहीत ते समोर उभं राहून सांगावं. घ्यायच्या की नाही ही त्यांची मर्जी. नाही घेतल्या तर माझी सगळी मेहनत पाण्यात.

साक्षीदार:
१. ~~मारुतराव शेलार~~ (खोडले)

खुलासा: मारुतरावांना साक्षीला मीच बोलावलं होतं, कलम चार त्यांच्या कानावर घालायचं म्हणून. वाचून झाल्यावर त्यांनी सहीसाठी पेन उघडलं. मग वकीलसाहेबांना म्हणाले, "साक्षीदाराला ह्यातलं काय घेता येतं का?"

"ज्याला मिळायचंय त्याने साक्षीला न राहिलेलं बरं," वकीलसाहेब म्हणाले.

मारुतरावांनी पेनला टोपण लावलं. "मंग दुसरा मानूस बघा. म्या सही करत न्हाई. मला बुरशी पायजे." आणि गौतमीला म्हणाले, "पोरी, च्या टाक. सकाळधरनं झाला न्हाई."

खोडाखोड मला मान्य आहे.

१. सुरेखा साळवे, अंगणवाडी सेविका
२. धम्मदीप जाधव, शेजारी

स्थळ: मांडवगण फराटा
दिनांक: १८ एप्रिल २००६

सही: सिंधूबाई ओव्हाळ
(सही वाकडी आली आहे. हसू आवरत नव्हतं.)