दोन टाक्यांचं मशीन

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर करकरली, त्यावरून तो खरा आहे हे ओळख.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? भावोजी कानाचं यंत्र लावतात, की अजून सोयीचं तेवढंच ऐकतात? आम्ही दोघं बरे आहोत. हे वाक्य इतके महिने सवयीने लिहीत होतो, आज विचार करून लिहितोय. का ते सांगतो. पण ते कॉफीच्या मशीनपासून सुरू होतं, तेव्हा नीट टेकून बैस.

तुला माहीतच आहे, ऑपरेशननंतरच्या औषधांनी हिच्या तोंडाची चव गेली. काहीही खाल्लं तरी गंजका खिळा चोखल्यासारखं वाटतं म्हणायची. पहिल्यांदा जिभेला काही गोड लागलं ते दवाखान्यासमोरच्या दुकानातली दुधाळ कॉफी, वर मऊ फेस असलेली. तेव्हापासून ही रोज दुपारी तिथे जाते, एकटी. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही दुकान उघडं ठेवा, लोकांना दिसायला हवं. (माझ्या चष्म्याच्या दुकानावरचा हा विनोद आमच्या लग्नाइतका जुना आहे, तरी मी हसलो. हिच्या आजारपणापासून मी सगळ्यालाच हसत होतो.) परत येईतो पार दमलेली असायची. म्हणून ठरवलं, तीच कॉफी घरी करायची, आणि करायचीच तर मशीन उत्तमातलं उत्तम आणायचं.

ताई, माणसाने त्यापेक्षा लग्न जुळवावं. मशीन विकणारा गृहस्थ इतका गंभीर की मला वाटलं, त्याच्या घरी कुणीतरी गेलंय. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "दूध घालून पिणार, की बिनदुधाची?" दुधाची म्हटल्यावर त्याने दीर्घ श्वास घेतला आणि समजावलं. कॉफीला लागतं गरम पाणी, दुधाच्या फेसाला लागते त्याहून कितीतरी तापलेली वाफ. एका टाकीच्या मशीनमध्ये आधी कॉफी काढायची, मग वाफ तयार होईपर्यंत ताटकळायचं. तोवर कॉफी रुसून गार. दोन टाक्यांच्या मशीनमध्ये दोन्ही एकदम होतं. आणि एक मधलं असतं, त्यात टाकी एकच, वाफेची, पण कॉफीचं पाणी तिच्या पोटातून वेगळ्या नळीने जातं (एकत्र कुटुंबात वेगळी चूल मांडावी तसं). माझं मन दोन टाक्यांच्या मशीनवर बसलं. काय त्याची झळाळी! जड इतकं, की विकणाऱ्याने आधी आमच्या ओट्याची चौकशी केली, मग माझ्या पाठीची. शिवाय बिया दळायचं यंत्र वेगळं. त्याशिवाय मशीन घेणं म्हणजे, मला पटेल असं सांगायचं तर, भिंगाशिवाय फ्रेम.

मग हिला चव घ्यायला नेलं. त्याने दोन मशीनवर दोन कप केले आणि मी गिऱ्हाइकाला भिंगं दाखवताना विचारतो तसं विचारलं, "हा बरा, की हा?" ही म्हणाली, "दोन्ही छान आहेत. तुम्हाला आवडेल ते घ्या." मी म्हटलं, छे, तुला आवडेल ते. ती म्हणाली, तुमचं बरोबर असेल. मी म्हटलं, तुझंच बरोबर. (दोन्ही सारखंच दिसतं म्हणणारं गिऱ्हाईक थकलेलं असतं, हे मला धंद्यात कळतं, घरात कळलं नाही.) आम्ही हात हलवत परतलो.

शेवटी त्या कॉफीच्या दुकानात कोणतं मशीन आहे तेच बघू, म्हणून एका सकाळी तिथे गेलो. मालकीणबाईंना हिचं वर्णन सांगितलं मात्र, त्या उसळल्या, "त्या होय! काय भांडकुदळ बाई आहेत हो! कॉफी अर्धी टाकतात. टपालखात्यातले एक आजोबा येतात, त्यांच्याशी भांडायला बसतात. परवा पंख्यावरून दोघांनी दुकान डोक्यावर घेतलं. काल म्हणाल्या, माझ्या दुधाला फेस कमी. माझ्या दुधाला!" मग जरा थांबून म्हणाल्या, "जाताना मात्र कशा खुशीत जातात."

मी मिळेल त्या खुर्चीत बसलो. घरी तिने खिडकी उघडू म्हटलं तर माझं हो, लावू म्हटलं तरी हो. ऑपरेशनपासून मी घरात नुसता कापूस झालो होतो. आजारी माणसाशी कोण भांडतं, ताई?

दुसऱ्या दिवशी हिला पुन्हा मशीनच्या दुकानात नेलं आणि दोन टाक्यांच्या मशीनवर हात आपटून म्हणालो, "हेच घेणार. तुझं काही ऐकणार नाही."

ही बघतच राहिली. मग म्हणाली, "हे आगगाडीचं इंजिन? ओट्यावर हे ठेवलं तर स्वयंपाक काय जिन्यात करू?"

"तुला वाफेतलं काय कळतं?"

(इथवर मी घरून ठरवून आलो होतो. पुढचं सगळं उत्स्फूर्त.) तिने माझ्या हातून उतू गेलेली सगळी दुधं काढली, मी तिचा तीन-तीनदा उकळलेला चहा काढला. मग निळ्या पडद्यांचा विषय निघाला आणि मी खरोखरच चिडलो. विकणारा दोन कप हातात घेऊन मधोमध उभा. आणि ही एकदम थांबली. हळूच म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलेलं नाही?"

"वेगळं म्हणजे?"

"इतके महिने तुम्ही माझं सगळं ऐकताय. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही."

मी सांगितलं, तुझ्यासमोर सांगितलं तेवढंच मला सांगितलंय. आजार गेलाय, तपासायला येत राहा. ती तिथल्याच एका खोक्यावर बसली आणि रडली. मलाही नीट दिसेना. मग माझ्याच रुमालाला नाक पुसून म्हणाली, "तरी ते इंजिन नकोच."

मधलं मशीन घेतलं. तिने निवडलं. दोन टाक्यांचंच बरोबर होतं असं मी रोज सांगतो आणि ती रोज खोडून काढते. माझ्या हातच्या दुधाला साबणाचे बुडबुडे येतात, पहिल्या दिवशी तर छताला शिंतोडे उडाले. तिच्या हातचा फेस मात्र सायीसारखा. दुकानातही ती अधूनमधून जाते, नाहीतर टपालखात्यातले आजोबा शेफारतील म्हणते.

भावोजींना नमस्कार. (मोठ्याने सांग.)

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. मी एकटा पुरा पडत नाही. दुपारपर्यंत माझे मुद्दे संपतात आणि ती जिंकते. इतका सोपा विजय तिच्या प्रकृतीला बरा नाही. तुमचं नणंद-भावजयींचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. तेव्हा बॅग भर आणि महिनाभर तरी राहायला ये.

आणखी ता. क. पत्र तिने वाचलं. तिचं म्हणणं, निळ्या पडद्यांचा विषय मी काढला, तिने नाही. आणि वन्संना आणायला स्टेशनवर तीच जाणार, कारण मी चुकीच्या फलाटावर उभा राहतो. हे साफ खोटं आहे. एकदाच राहिलो होतो.