एक तरी माणूस भेलं पाहिजे

१ सप्टेंबर १९३२, गोंदिया

आजपासून रोजनिशी. कोणी वाचू नये म्हणून वाजवायच्या पेटीच्या खोक्यात ठेवणार.

निश्चय: पहाटे पाचला रियाज. दिवाळीच्या आत भुताचा सिनेमा. त्याचं संगीतही मीच देणार, कारण दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

कॅमेरा आला. कलकत्त्याची एक मूकपटांची कंपनी बंद पडली, सगळे बोलपटांमागे धावताहेत म्हणून. त्यांच्याकडून उचलला. हँडल जरा अडकतं. निर्मला म्हणाली, त्यापेक्षा शिवणयंत्र आणलं असतं तर बरं झालं असतं. निर्मला माझी बायको. हे मला माहीत आहे, तरी लिहिलं.

२ सप्टेंबर, सकाळी साडेआठ

पाचला उठलो नाही. कलावंताने झोप मोडू नये.

४ सप्टेंबर

तिरोड्याला सासऱ्यांकडे जाऊन आलो. केवलराम पटेल, बिडीच्या तेंदूपत्त्याचं आणि तंबाखूचं गोदाम. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच चाललंय, पेटी सोडा आणि गोदामात बसा. आज मात्र सरळ शर्तच घातली. "जवाईबापू, आमच्या मंडईत दाखवा तुमचा सिनेमा. एक तरी मानूस भेलं, तं तुमी सिनेमावाले, मी पुन्हा तोंडातून सबूद नाई काढनार. नाई भेलं, तं कारतिकी एकादशीपासून गोदामात."

एकच माणूस घाबरवायचा! मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा; ती मी अख्खी पळवून लावणार आहे. मान्य केलं. गोदामात तंबाखूचा वास येतो, मला शिंका येतात. तिथे बसणं म्हणजे संगीताचा मृत्यू.

९ सप्टेंबर

जागेसाठी कचारगडच्या गुहा मनात होत्या. इतवारीने उडवून लावलं. इतवारी जंगलखात्यात मजूर आहे, पण ढोल असा वाजवतो की काय सांगावं. म्हणाला, "थे जागा आमच्या देवाची हाय. तिथं भूत कायले जाईन?" चोरखमाऱ्याच्या तलावाची पाळ नक्की केली. मला आधीपासून तीच पसंत होती.

१२ सप्टेंबर

भुताचा बळी व्हायला कोणी तयार नाही. तेव्हा सिनेमात बळीच नाही. प्रेक्षक हाच बळी! हे विलायतेतही अजून कोणाला सुचलं नसावं.

हडळीचं काम निर्मला करणार. केस तोंडावर घेतल्यावर कोण ओळखतंय? आधी नाही म्हणाली. मग मी दोन दिवस नवी चाल ऐकवली, तेव्हा हो म्हणाली.

१८ सप्टेंबर, चोरखमारा

शूटिंग. सकाळीच वाद. निर्मला म्हणे, "सवाशिणीनं पांढरं लुगडं कायले नेसावं?" लग्नातलं हळदीचं पिवळं नेसून आली. मी रागावलो नाही. पडद्यावर सगळं पांढरंच दिसतं, हे तंत्र तिला काय माहीत.

गालांना काजळ फासून खड्डे पाडले. स्वतःच दचकलो. हँडल फिरवत ओरडून सूचना देत होतो. हळूहळू चाल! जंगलाकडे जा! तीनदा मागे वळून बघ! मागे राख उधळ! राख वाऱ्याने तिच्याच डोळ्यांत गेली. तिने माझ्या खानदानाबद्दल काही उद्गार काढले. मुका सिनेमा असल्याने हरकत नाही. इतवारीने राखेऐवजी शिदोरीतले तांदूळ दिले. ते डोक्यावरून मागे उधळले. पडद्यावर हाडांचा चुरा वाटेल.

फिल्म धुवायला कलकत्त्याला पाठवली.

२ ऑक्टोबर

संगीत. नवा राग बांधलाय, नाव 'भयकल्याण'. शेजारच्या सुशिलाबाई विचारायला आल्या, घरात कोणी आजारी आहे का.

ठेका हवा होता. इतवारीला सिनेमातली कल्पना सांगितली नाही, गोष्टी फुटतात. एवढंच म्हटलं: ज्याने बायकांचा जीव तुटतो, पाय निघत नाही, माणूस पुन्हा पुन्हा मागे वळून पाहतो, असा ठेका आहे का? तो लगेच म्हणाला, "हाय ना." वाजवला. माझ्या अंगावर काटा आला. या माणसाला भीतीची जाण आहे.

२२ ऑक्टोबर

फिल्म आली. सहा मिनिटं. अप्रतिम. दोन ठिकाणी माझं बोट आलंय, ते भूतच वाटतं.

तंबूवाला श्यामलाल सिनेमाचं मशीन आणि डायनामो घेऊन यायला तयार आहे. त्याला बजावलं, लोक पळतील तेव्हा तंबूच्या कनाती उघड्या ठेव.

२ नोव्हेंबर, तिरोडा. मंडईचा दिवस



दिवेलागणीला सुरुवात केली. तंबू खच्चून भरलेला. सासरे पहिल्या रांगेत. पडद्यावर हडळ आली, मी भयकल्याण छेडला, इतवारीने ठेका धरला. तिने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. तंबूत हुंदका ऐकू आला. मी खूश. दुसऱ्यांदा पाहिलं, अर्ध्या बाया पदराला डोळे पुसू लागल्या. मग तिने तांदूळ उधळले आणि देवकाबाई, निर्मलेची आत्या, मोठ्याने रडत उठली. "जाय माय, सुखी राय!" बाया पडद्यापुढे गेल्या. एकीने पडद्याची अलाबला घेतली. मागून कोणीतरी ओरडलं, "बापाले बलवा, पोट्टी निंगून रायली!"

एकही माणूस पळाला नाही. उलट पुन्हा दाखवा म्हणाले. चारदा दाखवला. श्यामलाल डोळे पुसत म्हणाला, "मालिक, ऐसी बिदाई तो आज तक नहीं देखी."

इतवारीला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "तुमीच त म्हनले जीव तुटते, मांगं वरून पायते. पोरगी सासरी निंगते, तांदूर मांगं फेकते, थ्या बिदाईचाच ठेका हाय थो."

रडणं ही भीतीच्या पुढची पायरी आहे, असं सासऱ्यांना सांगावं का? ते घरी निघून गेले.

३ नोव्हेंबर

सकाळी सासऱ्यांनी बोलावलं. मी गोदामाच्या तयारीने नाकाला रुमाल लावून गेलो. ते म्हणाले, "मी भेलो."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

"चाल पायली अन् वरखलो, पोरगी माही हाय. गाल पायले अन् छातीत धस्स झालं. दोन वर्सात हे गत? शर्त तुमी जिंकले. जा, सिनेमे काढा. पोरगी इथंच रायल. जेवल."

मी शपथेवर सांगितलं की ते काजळ होतं. जेवायला बसलेल्या निर्मलेला म्हटलं, अगं, सांग त्यांना. तिने पुन्हा भात वाढून घेतला.

५ नोव्हेंबर, गोंदिया

विजय! अधिकृत सिनेमावाला झालो. दुसऱ्या सिनेमाचा निश्चय. खिचडी करपली.

७ नोव्हेंबर

भयकल्याण वाजवला. नावं ठेवायला घरात कोणी नाही. पंधरा मिनिटांत बंद केला. नावं ठेवणारं कोणी नसेल तर राग रंगत नाही, हे शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

८ नोव्हेंबर

निर्मलेचं कार्ड. तब्येत छान आहे, रोज दूध घेते, दोन्ही वेळा कोणीतरी आग्रह करून वाढतं, यायची घाई नाही. कार्ड सहा वेळा वाचलं. 'यायची घाई नाही' सातव्यांदाही तसंच होतं.

नाही आली तर?

रात्रभर डोळा लागला नाही. पाचला उठलो. रियाज केला नाही.

९ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी. तिरोडा

पहिल्या गाडीने आलो. तडक गोदामात. शिंका सुरू. सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "जवाईबापू, शर्त तं तुमी जिंकले. मंग आता कायले आले?"

रस्ताभर मोठं भाषण तयार केलं होतं.

म्हणालो, "भेलो."

त्यांनी तेंदूपत्त्याचे पुडे बाजूला सारून मला बसायला जागा करून दिली.