जुळ्यांच्या ताटावरचे बोल

लाँबे, मंगळवार, १४ मार्च २०१७

प्रिय धाकटे दोसा,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तू, तुझी लेकरं, सगळी खुशाल असा. तिकडे मॉन्ट्रियालला अजून बर्फच असेल. इथे आपल्या बेटावर आंबे लगडलेत. माझे गुडघे कुरकुरतात, पण जिभेला अजून गंज चढलेला नाही.

हे पत्र आपल्या क्रेयोलमध्ये बघून हसू नकोस. तुला या बोलीत मी पहिल्यांदाच लिहितोय. जन्मभर फळ्यावर फ्रेंच गिरवलेला हात आईच्या बोलीत ठेचकाळतोय. तुझी नववर्षाची दोन ओळींची पत्रं दरवर्षी येतात. शुद्ध, नेटकं फ्रेंच, एक चूक सापडायची नाही. ती मी कशी वाचतो ते माझं मला ठाऊक.

बातमी गोड आहे. माझी नात रोझलोर पुन्हा बाळंत झाली, मुलगा झाला. तिची आधीची जुळी, म्हणजे हा दोसू. जुळ्यांच्या पाठीवरचं पोर जुळ्यांनाही भारी, हे तुला मी काय सांगावं? आपली जुळी तान्हेपणीच गेली आणि त्यांच्या पाठीवर तू आलीस, म्हणून तर तू दोसा.

बाळंतपण केलं दवाखान्यातल्या आफियावीनं. बाई समुद्रापलीकडची, आपल्या पूर्वजांना जिथून बांधून आणलं त्या आफ्रिकेतल्या बेनिनची. घरात जुळी बघून तिनं विचारलं, "मग याला दोसू म्हणणार ना?"

रोझलोर म्हणाली, "अगो बाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आमच्याकडेही दोसूच. माझा सख्खा भाऊ दोसू आहे!"

मग ती रोज येऊन बसायला लागली. आपण मक्याच्या लापशीला आकासान म्हणतो, तिच्याकडे मक्याचाच आकासा. आपण ओठाला तोंडाची कातडी म्हणतो, तीही तसंच म्हणते. मी मुलांना त्यावरून हातावर छड्या मारल्यात, म्हणायचो, "फ्रेंचमध्ये ओठाला स्वतंत्र शब्द आहे, गाढवांनो!" आफियावी म्हणाली, "गुरुजी, शब्दांचे कपडे त्या गोऱ्यांकडून आणले असतील, पण आतली हाडं आमच्याकडची दिसतात." मी तर पोरांना सांगत आलो, हे मोडकं फ्रेंच आहे, आळशी जिभेचं. शाळा चार इयत्ता, बाकी सगळं दिव्याखाली स्वतः शिकलेलो मी. मला कोण टोकणार होतं?

आता अडचण ऐक. जुळ्यांना आणि दोसूला रीतीप्रमाणे जेवू घालायचं ठरलं. तीन वाट्यांचं मातीचं ताट आणलं, भात, घेवडा, कोंबडी, गोडधोड, सगळं. रोझलोरच्या नवऱ्यानं हौसेनं पालेभाजी वाढली, तेव्हा शेजारीण ओरडली, "अरे मेल्या, जुळ्यांना पाला चालतो का?" ती उचलली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताटावर म्हणायचे बोल कोण म्हणणार?

रोझलोर म्हणाली, "आजोबा, एवढे शिकलेले ना? म्हणा की! का पोराच्या ताटापुढे बोंजूर म्हणताय?"

हशा पिकला. मीही हसलो. मला एक ओळ येत नव्हती. आई ते बोल म्हणायला लागली की मी घराबाहेर निघून जायचो. तिनं ते फक्त तुला शिकवले. अन्न पुन्हा शिजवता येईल, ताट तेवढं धुऊन झाकून ठेवलंय.

एवढ्यावर पत्र संपवणार होतो. परवा इथेच लेखणी ठेवली होती. पण त्या गुरुवारचं लिहिल्याशिवाय तुझ्याकडे काही मागायला तोंड नाही.

तू नऊ वर्षांची, मी विशीतला नवा मास्तर. क्रेयोल बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात लाकडी पट्टी, आणि शाळा सुटताना ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. आई डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. तू खिडकीतून हाक मारलीस, "आई, मला आकासान ठेव गं!" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पट्टी तुझ्या गळ्यात घातली.

आई दारात आली. "ओव्हिल्मा, हिला काय रे दिलंस?" मी तिला फ्रेंचमध्ये म्हणालो, "मादाम, शाळेच्या वेळेत आत येऊ नये." तिला शब्द कळला नाही, सूर सभ्य वाटला. तिला वाटलं, तुला बक्षीस मिळालंय. गेली ती हसत, अख्ख्या बाजाराला सांगत, "माझ्या दोसाला शाळेत बिल्ला मिळाला!" तू तोंड उघडणार होतीस, मी डोळे वटारले. संध्याकाळी छड्याही मीच मारल्या, दहा, कारण सख्ख्या बहिणीला कमी मारलं असं कुणी म्हणायला नको.

हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे. तू मॉन्ट्रियालला गेल्यावर आईनं मला विचारलं, पोरीचा तो बिल्ला कुठाय? खरं सांगायची छाती झाली नाही. मी तसलीच पट्टी कोरून दिली. तिनं ती भिंतीवर टांगली. मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. मी शेजारी बसून मान डोलवायचो.

दोसा, मला माफ कर असं लिहून तीनदा खोडलं. ते मागणं फार स्वस्त होतं.

मला उत्तर नको. हे पत्र मिळाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळी रोझलोरला फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. आईचे बोल तिला शिकव, तिला एकटीला. मी घरात नसेन. फोन आला नाही तर मी घरातल्या मुलांना सांगेन की ताट मुकं राहिलं ते माझ्यामुळे, तुझ्यामुळे नव्हे. आणि आईच्या भिंतीवर काय होतं, तेही सांगेन.

अजूनही स्वतःला तुझा भाऊ म्हणवून घ्यायला धजावणारा,
ओव्हिल्मा