पाण्याखाली श्वास सोडताना

आबा, तुम्ही शिकवलेली एक गोष्ट मी या वर्षी मोडायला निघाले, आणि ती काही सहज मोडली नाही. मी इथे कुवेतमध्ये डायव्हिंग शिकते आहे. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. दक्षिणेला एका छोट्या बेटाभोवती प्रवाळ आहे. तो भाग राखीव, तिथे मासेमारीला बंदी. तरी कुठलीकुठली तुटलेली जाळी वाहत येऊन प्रवाळावर बसतात आणि त्यात अडकून मासे, कासवं मरतात. दर शुक्रवारी काही जण बोटीने जाऊन ती जाळी कापून काढतात. मला त्यांच्यात जायचंय. लेक म्हणाली, "आई, सीरियसली? ॲट युअर एज?" म्हटलं, हो, याच वयात.

पाण्याची भीती नव्हतीच. खडकाला चिकटलेले शिणाण्यांचे शिंपले काढायला तुम्ही मला समुद्रातल्या खडपात न्यायचात, ते अजून दिसतं. तुम्ही बुडी मारता, मी तुमच्या मागून जाते, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर येते, आणि लागलं का हे विचारायच्या आधी तुम्ही खेकसता, "दम कशाला सोडलास गो? पाण्यात दम सोडलास की गेलीस!" रात्री मात्र सगळ्यात मोठे शिणाणे माझ्याच ताटात. तो धडा अंगात मुरला. पुढे नोकरीही तशीच मिळाली. जाब्रियातल्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते आणि दिवसभर लोकांना सांगते, श्वास घ्या, धरून ठेवा.

इथे सगळं उलटं. टाकीतली हवा घेत असताना श्वास कधीच धरायचा नाही. धरून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं. परीक्षेत शिकवणारीने पाण्याखाली माझा डायव्हिंगचा चष्मा ओढून काढला, घाबरल्यावर मी काय करते ते बघायला. मी काय करणार? गच्च दम धरला आणि फुग्यासारखी वर निघाले. तिने पाय धरून खाली ओढलं. ती इथलीच कुवेती, माझ्या लेकीच्या वयाची. इथे मावशीला खाला म्हणतात. बोटीवर म्हणाली, "खाला, पोहता न येणाऱ्यांना मी लवकर शिकवते. तू धोकादायक आहेस." राग तिचा नाही, तुमचा आला.

मग मी हट्टालाच पेटले. भांडी घासताना, सिग्नलला गाडी थांबली की, तोंडाने हवा सोडत राहायचे. सरावाला पूलमध्ये उतरले की नळीतूनच तुमच्याशी भांडायचे. सोडते आबा, बघा, सोडते. भांडताना श्वास आपोआप सुटतो. तरी दुसऱ्यांदाही नापास झाले. शिकवणारी म्हणाली, राहू दे आता. मी म्हटलं, तारीख दे.

गेल्या शुक्रवारी पुन्हा खाली गेले, आणि तिने काही करायच्या आधीच जाळ्याचा एक खराखुरा तुकडा माझ्या टाकीला अडकला. मागे ओढ बसली. मी थांबले. बुडबुडे वर जात राहिले. तिने येऊन जाळं कापलं आणि बोटांनी ठीक असल्याची खूण केली. वर आल्यावर म्हणाली, "खलास, झालं! पुढच्या शुक्रवारी तू आमच्याबरोबर." मला रडू फुटलं. तिला वाटलं, आनंदाने.

हे पत्र पाठवणार कुठे? आणि तुम्हाला वाचता कुठे येत होतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तेव्हा एक वाक्य मी गाळलं असतं. जाळं अडकलं तेव्हा मला तुमची आठवणच आली नाही, आबा.