पुसू नये

३ मार्च, सोमवार
ठरलं! रविवार, तेवीस तारीख, सकाळी नऊ ते एक. त्या चार तासांत लॅबच्या सर्व्हरवरची जुनी सिस्टीम जाऊन नवी आली पाहिजे, आणि रिपोर्टांना धक्का लागता कामा नये. साहेब म्हणाले, "या वेळी काही गेलं तर सगळं बाहेरच्या कंपनीला देऊन टाकतो. तुमच्या टेबलासकट!" हसत म्हणाले. पण ते हसले की खरं बोलत असतात.

सहा वर्षांपूर्वी असंच अपग्रेड करताना हॉस्पिटलचे अकरा महिन्यांचे रिपोर्ट पुसले गेले. रक्त, लघवी, थायरॉइड, सगळे. बॅकअपच्या टेपा बघायला गेलो तर नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा — वर सुबक तारखा आणि आत काही नाही! माझे तेव्हाचे वरिष्ठ, सर, "चूक माझी" एवढी एक ओळ लिहून राजीनामा देऊन गेले. निस्तरायला राहिले मी. ज्यांनी मला सगळं शिकवलं, त्यांनी वेळ आल्यावर पाठ दाखवली. राग अजून गेलेला नाही. मी पाठ दाखवणार नाही. मुळीच नाही.

५ मार्च, बुधवार
दिवसभर मोजमाप. सिस्टीमच्या डिस्कवरचे कप्पे कोणी पाडलेत देव जाणे! मशीन सुरू होताना ज्यातून पहिलं पाऊल टाकतं तो कप्पा दोनशे एमबीचा. नव्या सिस्टीमचा त्यात पायसुद्धा मावणार नाही. मुख्य कप्पा त्र्याण्णव टक्के भरलेला. आणि ज्या कप्प्यात कोणी राहत नाही त्याला चारशे जीबीचा बंगला!

घरी ओट्याशी कागद पसरून बसले होते. आईने विचारलं, काय चाललंय. सांगितलं — नोंदींच्या फायली वाढत वाढत सगळी जागा खातात, मग सिस्टीमचा श्वास कोंडतो.
"मग नोंदींना वेगळा डबा दे की. डाळ आणि साखर एका डब्यात कोण भरतं?"
"तेच करतेय, आई."
"आणि जुनं कपाट फेकायच्या आधी नवं लावून बघ. दार उघडतंय का ते."
आमच्या साहेबांपेक्षा हिला जास्त कळतं.

७ मार्च, शुक्रवार
लॅबवाल्या बाई आल्या होत्या. बसल्या नाहीत, दारातूनच बोलल्या. "मागच्या वेळी चार महिने कागदांवरून रिपोर्ट परत भरलेत मी. चष्म्याचा नंबर वाढला. आता मी बसणार नाही, सांगून ठेवते. तुमचे ते सर तर गेले सुटून!"
म्हटलं, "मी म्हणजे सर नाही."
म्हणताना बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१० मार्च, सोमवार
योजना कागदावर उतरवली. बंगल्यातली जागा काढून जुन्या सिस्टीमच्या शेजारी नव्या सिस्टीमला ऐसपैस कप्पा. पहिल्या पावलाच्या कप्प्याला एक जीबी. नोंदींचा डबा वेगळा. जुनी सिस्टीम आहे तिथे, आहे तशी. नवी रुसली तर मशीन बंद करून जुनीवर परत. शिवाय एक नवी डिस्क बसवायची आणि आधी सगळे रिपोर्ट तिच्यावर उतरवायचे. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकूनच पिणार.

लिहून झाल्यावर पाहिलं तर प्रत्येक पायरीपुढे उजवीकडे मी रकाना आखलाय — "फसलं तर?" ही सरांची सवय. त्यांच्यासमोर योजना मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक ओळीला ते टेबलावर पेन्सिल आपटून विचारायचे, "आणि फसलं तर?" उत्तर नसेल तर कागद परत. रकाना खोडावासा वाटला. खोडला नाही. कामाचा आहे.

१२ मार्च, बुधवार
तालमीसाठी जुनं मशीन मिळालं, डिस्का हव्या होत्या. स्टोअरवाल्या काकांनी खणातून खाकी कागदात गुंडाळलेली एक काढली. वर सरांचं अक्षर — "पुसू नये."
"त्या वेळच्या सर्व्हरची आहे, सिस्टीमची. जाताना देऊन गेले. म्हणाले, तिने मागितली तरच द्या. तुम्ही कधी मागितलीच नाही."
म्हटलं, "काका, मला कोऱ्या डिस्का हव्यात. म्युझियम नको."
तरी त्यांनी ती हातात ठेवलीच. माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली. जातानासुद्धा हुकूम सोडून गेलेत, पुसू नये म्हणे!

१५ मार्च, शनिवार
चुकीची डिस्क पुसली!!

तालीमच होती म्हणून बरं. झालं असं — डिस्कांना एक, दोन असे नंबर मशीन स्वतःच देतं, सुरू होताना जी आधी जागी होईल ती एक. योजनेत मी लिहिलं होतं, "दोन नंबरची डिस्क पुसा." नवी डिस्क बसवायला मशीन बंद केलं, परत चालू केलं, आणि नंबर फिरले. कोरी होती ती एक झाली, रिपोर्टांची दोन. मी एंटर दाबलं. खेळातले तीन हजार रिपोर्ट तीन सेकंदांत गायब.

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला — सरांचं हेच झालं होतं! सहा वर्षं कोडं होतं, ते आज सुटलं. त्या दिवशी सकाळी मी त्यांना सगळं आयतं तयार करून दिलं होतं. नवी डिस्क बसवून, पुसून, लख्ख. दुपारी येऊन त्यांनी नुसतं खरं काम करायचं होतं. तिथे नंबर फिरले असणार आणि बघितलं नसणार. एवढा मोठा माणूस आणि एवढी पोरकट चूक!

योजना बदलली. नंबर नाही, डिस्कच्या अंगावर छापलेला क्रमांक. एंटरच्या आधी तो मोठ्याने वाचायचा. कानाला खडा.

१८ मार्च, मंगळवार
दुसरी तालीम. पावणेतीन तास. जुनीवर परत यायला बारा मिनिटं. वा!

२१ मार्च, शुक्रवार
साहेब: "जुनी सिस्टीम ठेवायची कशाला? जागा फुकट जाते. सगळं साफ करून नवं टाका."
मी: "मग सही तुम्ही करा."
त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. योजनेवर सही माझीच झाली, माझ्या पद्धतीने.

२३ मार्च, रविवार
नऊला सुरू. आधी रिपोर्ट उतरवले, मोजले, जुळले. कप्पे पाडताना क्रमांक इतक्या मोठ्याने वाचत होते की लॅबवाल्या बाई बघायला आल्या आणि स्टूल ओढून तिथेच बसल्या. सव्वाअकराला नवी सिस्टीम उठली, पण नेटवर्क ओळखेना. बाईंचा चेहरा पांढरा. म्हटलं, "थांबा. फसलं तर काय, ते लिहिलंय." बारा मिनिटांत जुनीवर परत. सेटिंगमधली एक ओळ चुकली होती. दुरुस्त केली, पुन्हा नवी. बारा वीसला सगळं चालू!

बाईंनी स्वतः परत भरलेला एक जुना रिपोर्ट उघडला. ओळीओळीवर बोट ठेवून वाचला. "आहे," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. रडू आलं मला, चक्क.

२४ मार्च, सोमवार
साहेब खूश. "एक अहवाल करा, वर पाठवायचाय. तेव्हा त्यांनी काय चुकवलं, आता तुम्ही काय बरोबर केलंत, शेजारी शेजारी." अंगावर मूठभर मांस चढलं. अहवालाला पुरावा हवाच. "पुसू नये" ड्रॉवरमध्ये आहे. मशीन प्रत्येक हुकूम सिस्टीमच्या डिस्कवर लिहून ठेवतं, कोणी दिला आणि किती वाजता. उद्या उघडते.

२५ मार्च, मंगळवार
पुसण्याचा हुकूम एकच आहे. सकाळी दहा बेचाळीस. नवी डिस्क बसवून मशीन चालू केल्यावर चार मिनिटांनी. लॉगिन माझं.

सर दोन वाजता आले. तिथून संध्याकाळी सहापर्यंत त्यांचे हुकूम नुसते गेलेले रिपोर्ट शोधण्याचे. एकही पुसण्याचा नाही.

अहवाल एका ओळीत झाला. साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. आता पाचच्या बसने सरांकडे जातेय.